हिल्मीचा उलटा बाक

हिल्मी गेला तेव्हा मी रडले. आणि चाळिसावा दिवस जवळ आला तेव्हा त्याच्या सुतारकामाच्या बाकापाशी उभी राहून त्याच्यावर चिडले. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणू देत. म्हणणाऱ्यांच्या नवऱ्यांनी असला बाक मागे ठेवला नाही.

सुरुवात रिफातपासून झाली. रिफात हिल्मीचा पुतण्या, पोर्ट सईदहून आलेला, हाताने बरा, तोंडाने त्याहून बरा. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा कारखाना त्याने चालवावा, दारावरची 'उस्ता हिल्मी, खुर्च्या' ही उस्तादाची पाटी तशीच ठेवावी, असं ठरलं होतं. आल्या आल्या त्याने पहिलं काम काय केलं, तर दुकानाच्या मधलं प्लायवूडचं आडोशाचं पार्टिशन काढून टाकलं. हिल्मी आयुष्यभर त्याच्या मागे काम करायचा, वर शटरही अर्धं ओढलेलं. आमच्या दुमियातमध्ये नव्या खुर्चीची पाठ सकाळी एकाने वाकवली तर दुपारच्या नमाजापर्यंत चार दुकानांत तश्शी तयार होते. म्हणून तो लपवतो, असं सगळे समजत. मीही तेच समजायचे. जेवणाचा डबा शटरखालून द्यायचा आणि परत फिरायचं, ही आमची रीत.

तर पार्टिशन निघालं आणि बाक उजेडात आला. बीच झाडाच्या जाड लाकडाचा, तेल पिऊन काळा झालेला. पुढच्या काठाने चौकोनी भोकांची ओळ, भोकांत घालायच्या खुंट्या, एक शिकंजा पुढच्या बाजूला, एक टोकाला. मी कोळ्याची पोर, मला त्यातलं फार कळत नाही. पण टोकाचा शिकंजा आवळला की त्याची खुंटी आणि भोकातली खुंटी यांच्यामध्ये लाकूड घट्ट धरलं जातं आणि मग त्यावर रंधा मारतात, एवढं गल्लीत राहून कुणालाही कळतं.

रिफातने लाकूड आवळलं, रंधा घेतला आणि मारायला लागला. दोन हात मारले नाहीत तोच पुढच्या शिकंज्याचा दांडा त्याच्या मांडीत घुसला. शिव्या देत तो सरकला. पुन्हा मारला, तर सगळा जोर शिकंज्यावर गेला आणि लाकूड सैल होऊन निसटलं. "काकी, हा बाक बिघडलाय," म्हणाला. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. याच बाकावर खुर्च्या करून तुझ्या काकाने निम्म्या कैरोला बसवलं. त्याला ते लागलं. तो तडक बाहेर गेला आणि हाज बय्यूमी आणि मितवल्लीला घेऊन आला.

हाज बय्यूमी म्हणजे आमच्या शेजारचे पॉलिशवाले, गल्लीतले सगळ्यात वडीलधारे. हिल्मीच्या प्रत्येक खुर्चीला पॉलिश त्यांच्याच हातचं. आणि मितवल्ली समोरच्या दुकानाचा मालक. त्याच्याशी आमचा अबोला होता, ते रिफातला काय माहीत. एकदा हिल्मीने चारचौघांत म्हटलं होतं की मितवल्लीचे सांधे सुताराने नाही, फटी बुजवायच्या लांबीने धरलेत. खोटं नव्हतं ते. मितवल्लीच्या हातचं काम सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. म्हणून तो स्वतः बाकाला हात लावायचाच नाही, कारागिरांकडून करून घ्यायचा आणि आपण गिऱ्हाईक बोलण्यात गुंडाळायचा.

तिघांनी बाक बघितला. मग फिरवला. पुढची बाजू मागे गेली, शिकंजे भिंतीकडे गेले, काम करायला जागाच राहिली नाही. मग पुन्हा फिरवला. मग आडवा लावला. घामाघूम झाले, पण जिकडे फिरवावा तिकडे तो चुकीचाच. हाज बय्यूमी कपाळ पुसत म्हणाले, "डाव्या पायाचा जोडा आहे हा, पोरांनो. कसाही फिरवा, उजव्यात जाणार नाही."

मितवल्ली बाकाच्या काठावरच्या भोकांवरून बोट फिरवत होता, एकामागून एक, जपमाळ ओढावी तसं. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"सित्त इन्शिराह," तो म्हणाला, बाईमाणसाला अदबीने म्हणतात तसं, "हा डावखुऱ्याचा बाक आहे, शिकंजे उलट्या टोकांना आहेत. इथे काम कोण करायचं?"

मी म्हटलं, कोण म्हणजे? माझा नवरा.

"हिल्मी उजव्या हाताचा होता."

होताच. सगळ्या गल्लीने त्याला उजव्या हाताने सलाम करताना, सही करताना, चहा ढवळताना बघितलं होतं. मी तर इतकी वर्षं त्याच्याबरोबर एका ताटात जेवले. डावखुरा माणूस ताटावर एका दिवसात उघडा पडतो, आणि आमच्याकडे त्याला ताटावर बसू तरी कोण देईल? डाव्या हाताने सैतान खातो, हे मुलाला बोलायला येण्याआधी शिकवतात. आमच्या अख्ख्या गल्लीत डावखुरा एक नव्हता. कधीच नव्हता.

"मग तो माणूस कोण?" मितवल्लीने विचारलं. आणि मी गप्प बसले.

मी गप्प बसले हीच चूक झाली. संध्याकाळपर्यंत गल्लीत कथा तयार. उस्ता हिल्मी नावाचाच उस्ता होता, खरं काम आडोशामागे कुणीतरी दुसराच करायचा. कुणी म्हणे तुरुंगातून पळालेला होता, कुणी म्हणे मुका होता. जिलबीसारखा मशब्बक तळणाऱ्याच्या कढईसमोर उभ्या बायका मला बघून बोलायच्या थांबायच्या. हाज बय्यूमी घरी आले, चहाही घेतला नाही. हळूच म्हणाले, मुली, मेलेल्याची पाटी ठेवायची तर काम त्याच्या हातचं असलं पाहिजे. चाळिसाव्याला सगळे उस्ता जमतील, मला विचारतील, आणि मी खोटं बोलणार नाही. पाटी उतरवावी लागेल. त्यांचेही डोळे भरून आले होते, पण हाज बय्यूमी डोळे भरून आले म्हणून खोटं बोलणारा माणूस नाही.

मी दुसऱ्या दिवशी दुकान आतून लावून घेतलं आणि त्या दुसऱ्या माणसाचा शोध घ्यायला लागले. पाटीपायी मी काय काय केलं ते आता सांगायला लाज वाटते. स्टूल एक. चहाचा ग्लास एक. एप्रन एक. मागचं दार नाही. वर एक झरोका, त्यातून मांजर गेलं तरी अडकेल. तरी मी स्टुलावर चढून माझं डोकं त्यातून जातं का ते बघितलं. नाही गेलं. मग हा डावखुरा यायचा कुठून आणि जायचा कुठे? मी डबा घेऊन गेले की हिल्मी शटरपाशी यायला वेळ लावायचा, हे मात्र खरं. आत खुडबुड व्हायची. तेव्हा मी भुकेल्या माणसाला इतका कसला उशीर म्हणून ओरडायचे. आता वाटायला लागलं, तो कुणाला लपवत होता?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, माझं मलाच पटायला लागलं. कारण घरात हिल्मी सुतार वाटायचाच नाही. खिळा ठोकायला सांगितला तर वाकवायचा. स्वयंपाकघरातली फळी त्याने लावली ती आजही उतरती आहे, वाटाणे ठेवले तर घरंगळतात. भात खाताना चमच्यातून सांडायचा. दिव्याखाली अंधार, असं मी शेजारणींपुढे हसत म्हणायचे आणि तोही हसायचा. आता मी त्या फळीकडे बघत बसले. ज्याला एक फळी सरळ लावता येत नाही, त्याने त्या खुर्च्या केल्या? पाठीची ती कमान, तो पायाचा वळसा? मला काही कळेना. एकदा वाटे गल्ली खोटी, एकदा वाटे नवरा खोटा, आणि मग वाटे मीच वेडी.

शेवटी बाकाचा खण उघडला. त्यात मेणाचा तुकडा होता, तुटक्या पेन्सिली होत्या, आणि एका कापडात गुंडाळलेला एक लहान मुलाचा मोजा. लोकरीचा, घरी विणलेला, धुऊन धुऊन आटलेला. एकच. तोंडाशी नाडी ओवलेली, आवळून बांधायला.

मी खाली बसले. आम्ही मुलासाठी किती उंबरे झिजवले, ते मला आणि अल्लाहला माहीत. आणि या माणसाच्या खणात कुणाच्या तरी पोराचा मोजा, जपून ठेवलेला. म्हणजे ते सगळं एकच होतं तर. तो डावखुरा कुणी परका नव्हता, कुठेतरी दुसरं घर होतं, दुसरं पोर होतं, पोर मोठं झालं आणि आडोशामागे बापाचं नाव कमवत राहिलं. मी त्या दिवशी हिल्मीला जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाकाला एक लाथही मारली. बाकाला काही झालं नाही, माझ्या अंगठ्याचं नख काळं पडलं.

इकडे मितवल्ली रोज यायला लागला. हे मला सगळ्यात झोंबलं. जिवंतपणी ज्याच्याशी बोलला नाही, तो मेल्यावर त्याच्या बाकाची चौकशी करायला रोज हजर. तो माणूस गल्लीतलाच होता का? वयाने केवढा असेल? तुम्ही त्याला कधी बघितलं, निदान पाठमोरा? अजून असेल का तो? दुमियातमध्येच असेल का? मला वाटलं, पाटी उतरायची वाट बघतोय मेला. मी त्याला एकदा दारातूनच हाकललं, एकदा झाडू दाखवला. तरी आला.

चाळिसाव्याच्या आदल्या सकाळी तो पुन्हा आला. रिफात लाकूड आणायला गेला होता, शटर पूर्ण वर होतं. मितवल्ली दारात उभा राहून म्हणाला, फक्त एकदा बाक बघू दे, मग येणार नाही. माझा बांध फुटला. खणातला मोजा काढला आणि त्याच्या अंगावर भिरकावला. म्हटलं, हा घे, शोध तुझा डावखुरा, याच्याच पायातला आहे. जा आणि सगळ्या गल्लीला दाखव.

त्याने मोजा झेलला. डाव्या हाताने. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, नंतर आठवलं. त्याने तो उलटा केला, सुलटा केला, नाडी बोटाला गुंडाळून बघितली. आणि मग त्याचा चेहरा असा उतरला की माझा राग मध्येच थांबला. तो स्टुलावर बसला.

"हा पायातला नाही," तो म्हणाला. "पायातल्या मोज्याला नाडी कशाला?"

मला खरंच माहीत नव्हतं.

त्याने आपली डाव्या हाताची बोटं एकत्र केली आणि त्या मोज्यात घालायचा प्रयत्न केला. तीन बोटं गेली, तिथे अडकली. उजव्या हाताने त्याने नाडी मनगटापर्यंत ओढली आणि गाठ मारल्यासारखी धरून ठेवली, सवयीच्या हाताने धरावी तशी.

"माझी पिशवी पिठाच्या पोत्याच्या कापडाची होती," तो म्हणाला. "जेवायच्या आधी डाव्या हातावर बांधायची आई. झोपताना सोडायची. मदरशात गेलो तेव्हा तिला वाटलं सुटली सवय."

मग तो जे बोलला ते तुटक तुटक, माझ्याकडे न बघता. हात सुधारला, म्हणजे लोकांपुढे सुधारला. सलाम, सही, चमचा, सगळं उजव्याने. पण सुतारी उजव्याने येईना. बापाचा बाक उजव्या हाताचा, मालकाचा उजव्या हाताचा, गल्लीतला एकूण एक बाक उजव्या हाताचा. रंधा मारला की लाकूड उचकटायचं. लोक हसले, मग त्याने स्वतः हसून घेतलं आणि लांबीचा डबा जवळ ठेवला. उलटा बाक बनवता येतो, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नाही. तसा बाक ठेवायचा कुठे? कुणी बघितला असता तर?

ऐकता ऐकता मला माझी सासू दिसायला लागली. तौहीदा, अल्लाह तिच्यावर रहम करो. ती जेवायला बसली की ताटाकडे कमी आणि हिल्मीच्या हातांकडे जास्त बघायची. म्हातारी झाली, डोळे गेले, तरी तो जेवायला बसला की हात पुढे करून त्याचा डावा पंजा आपल्या मांडीवर धरून ठेवायची. मला वाटायचं, लेकाचा केवढा लळा. मी कौतुक करायचे.

आणि शटरपाशी तो उशीर. आत खुडबुड. मांजर जाणार नाही असल्या खोलीत एकच माणूस होता आणि तो रंधा एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता.

"मला वाटलं तो माणूस जिवंत असेल," मितवल्ली म्हणाला. "एवढं काम डाव्या हाताने करणारा. म्हटलं, एकदा भेटावं. दुसरं काही नव्हतं, सित्त."

मी त्याला शिवी देणार होते. तोंडात आलेली शिवी विरघळली आणि वेगळंच बाहेर पडलं. "समोर होता की रे मेल्या," मी म्हटलं, "रस्त्याच्या पलीकडे."

त्याने मान हलवली. मग त्याने मोजा बोटांतून काढून बाकाच्या कडेला ठेवला. मीही खाली बसले. मला पुन्हा हिल्मीचा राग आला. हा राग त्या मोज्याच्या रागासारखा नव्हता. एका ताटात जेवलो ना? मग मला सांगितलं असतं तर काय मी नाडी बांधणार होते?

मितवल्ली उठला आणि बाकापाशी गेला. जमिनीवर रिफातने टाकलेला बीचचा तुकडा होता, कडा उचकटलेला. त्याने तो उचलून बाकावर ठेवला, खुंटी भोकात बसवली, टोकाचा शिकंजा आवळला. मग उभा राहिला. शिकंज्याचा दांडा त्याच्या मांडीला लागला नाही. तो दांडा जिथे होता तिथे त्याची मांडी नव्हतीच. त्याने हिल्मीचा रंधा डाव्या हातात घेतला.

मी सवयीने उठले आणि शटर ओढायला गेले. इतकी वर्षं त्या दुकानात कुणी रंधा धरला की शटर खाली यायचं. समोरच्या दुकानातून त्याचेच कारागीर इकडे बघत होते. हाज बय्यूमी पॉलिशचं फडकं हातात घेऊन आपल्या दारात आले होते.

"राहू दे," मितवल्ली म्हणाला.

पहिला हात अडखळला. दुसराही. त्याची कानशिलं लाल झाली होती, आणि समोरून कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. तिसऱ्या हाताला रंधा चालला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब, अखंड साल निघाली आणि वळून त्याच्या पायाशी पडली. मग दुसरी निघाली. समोरचं हसणं थांबलं. लांबीने सांधे भरणाऱ्या मितवल्लीच्या हातचं ते काम होतं, आणि तो स्वतःच खुळ्यासारखा त्या लाकडाकडे बघत होता. तेवढ्यात रिफात खांद्यावर फळ्या घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. फळ्या उतरवायचंही विसरला.

हाज बय्यूमी जवळ आले. त्यांनी लाकडावरून तळहात फिरवला, जसा ते हिल्मीच्या खुर्च्यांवरून फिरवायचे. मग मितवल्लीच्या हाताकडे बघितलं, कुठल्या हातात रंधा आहे ते बघितलं.

"कुणाचा बाक आहे हा, मितवल्ली?" त्यांनी विचारलं.

"हिल्मीचा," तो म्हणाला. त्याने रंधा थांबवला नाही. "त्याचा आणि फक्त त्याचाच. उद्या सगळ्यांसमोर विचारा, मी असंच सांगेन, हाच हात वर करून."

हाज बय्यूमींनी वर पाटीकडे बघितलं आणि खिशातून रुमाल काढला.

मी मोजा उचलला, झटकला आणि खणात ठेवून दिला. मग शेगडी पेटवून चहा केला. एकच ग्लास होता, हिल्मीचा. तो मी घेऊन आले आणि घरी ताटाच्या उजव्या बाजूला ठेवायचे तशी बाकाच्या उजव्या बाजूला ठेवायला गेले. थांबले. बाकाला वळसा घातला आणि डाव्या हाताशी ठेवला. मितवल्लीने न बघता हात पुढे केला आणि ग्लास बरोबर त्याच्या हातात आला.